एका दिवसापुरता सोनेरी

आषाढ लागला की पेणमध्ये थिनरचा वास सुरू होतो. बाजारपेठेत तो थोडा असतो, आळ्यांमधून वाढतो, आणि हमरापूर-जोह्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंच्या कारखान्यांतून अंगावर येतो. पावसामुळे दारं अर्धी ओढलेली असतात. आत मूर्तींच्या रांगा, आणि रंग वाळावा म्हणून दिवसभर चालू ठेवलेले पंखे. ते पंखे वास बाहेर ढकलत राहतात. मुंबईहून मूर्ती ठरवायला आलेली माणसं गाडीतून उतरताच मोठा श्वास घेतात आणि एकमेकांना सांगतात, "आला बघा गणपतीचा वास!" मी अनेकदा त्यांच्या शेजारी उभा राहिलो आहे. मला त्या वासानं मळमळतं. संध्याकाळपर्यंत भाताकडे बघवत नाही.

यंदाही तसंच झालं. परवा वडखळहून एसटीनं येत होतो. पुढच्या बाकावर एक माणूस मांडीवर लहानशी मूर्ती घेऊन बसला होता. कसला तरी नमुना दाखवायला नेत असावा. मुकुट नुकताच रंगवलेला होता. गाडी खड्ड्यातून गेली, त्याचा अंगठा मुकुटाला लागला आणि सोनेरी झाला. त्यानं तो सहज पँटला पुसला. मी उठून मागच्या बाकावर जाऊन बसलो.

ही किळस जुनी आहे. तिची सुरुवात एका मनगटी घड्याळापाशी होते.

घड्याळ अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे थोरले काका. आमचं गाव रोह्याच्या आत, डोंगराकडे. पावसाळ्यात भात, आणि भात काढलं की त्याच शेतात वाल. रोह्याला कारखाने आले तेव्हा आमच्या गावातली जी चार-सहा माणसं पहिल्या खेपेला कंपनीत लागली, त्यांत अण्णा होते. अक्षर चांगलं म्हणून त्यांना गेटवर, टाइम ऑफिसात बसवलं. कोण किती वाजता आला, हे लिहायचं काम. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेच केलं.

घड्याळ त्यांना लग्नात सासऱ्यांनी घातलं होतं. स्विस बनावटीचं, गोल, रोज चावी द्यायचं, सोनेरी. गावानं ते मांडवात पाहिलं आणि त्याचं नाव 'सोन्याचं घड्याळ' पडलं. पुढे तीस वर्षं ते नाव कुणी तपासलं नाही. कंपनीच्या भिंतीवर हातभर व्यासाचं घड्याळ होतं, पण अण्णा आपल्या मनगटाकडे बघूनच वेळ लिहायचे. उशिरा आलेली माणसं सायकल लावता लावता ओरडायची, "अण्णा, सोन्याच्या घड्याळात जरा लवकर वाजतात काय?" अण्णा मान वर न करता म्हणायचे, "आधी पायाचा चिखल धू. मग भांडू."

रोह्याच्या पावसालाही तेव्हा एक वास होता. सडक्या अंड्यासारखा, कधी जळक्या रबरासारखा. पाऊस थांबला की तो जमिनीलगत बसायचा. लोक त्याला 'कंपनीचा वास' म्हणायचे आणि जेवायला बसायचे. गेटच्या लोखंडाला त्यानं फोड यायचे. सायकलींच्या रिमा एका पावसाळ्यात गंजायच्या. अण्णांच्या घड्याळाचा सोनेरीपणा त्या हवेनं किती खाल्ला आणि त्यांच्या घामानं किती, हे सांगता येणार नाही. दोघांनी मिळून खाल्ला एवढं खरं. पट्टा अडकतो ते चार कोपरे आधी गेले. मग चावीची बाजू. शेवटी काचेभोवतीची कड तेवढी पिवळी राहिली होती. बाकी सगळं डाळीच्या पाण्यासारखं फिकट, आणि फटींमध्ये हिरवं.

त्या वर्षी ज्येष्ठात घड्याळ बंद पडलं. अण्णा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. वेळ लिहून ठेवण्यासारखं कुणी येत-जात नव्हतं. तरी ते अस्वस्थ झाले. दर थोड्या वेळानं मनगटाकडे बघायचे आणि मग काकूला विचारायचे. मी तेव्हा एका वर्तमानपत्राचा वार्ताहर म्हणून पेणला खोली घेऊन राहत होतो. शनिवारी गावी गेलो, तेव्हा त्यांनी घड्याळ रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "पेणला चांगला माणूस असंल तर दाखव. घाई नाय," असं म्हणाले.

घाई नाही, हे मी शब्दशः घेतलं. रुमालाची पुरचुंडी माझ्या टेबलाच्या खणात राहिली. खणाच्या शेजारी सायकल लावलेली असायची, आणि घड्याळाचं दुकान सायकलवरून पाच मिनिटांवर होतं. पुढच्या शनिवारी अण्णांनी विचारलं, तेव्हा मी "दिलंय" म्हणालो. त्याच्या पुढच्या शनिवारी "सुटा भाग मुंबईहून यायचाय" म्हणालो. आषाढाच्या पहिल्या आठवड्यात अण्णा पहाटे छातीत कळ येऊन गेले. घड्याळ खणात होतं.

तिसऱ्या दिवशी अस्थी कुंडलिकेत सोडून आलो. घरात ओल्या गोणपाटांचा आणि न वाळलेल्या कपड्यांचा वास कोंडला होता. काकू भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला जवळ बोलावलं.

"घड्याळ झालं काय रं?"

"होईल."

"बाराव्याला दानात द्यायचंय. गादी, छत्री, चपला सगळं बाकीचं भावजी बघतील. घड्याळ तेवढं तू बघ. चालू पायजे. जिवंतपणी त्यांना मिळालं नाय. जाताना तरी मिळू दे. तिकडं वेळ विचारायची कुणाला त्यांनी?"

बाराव्याला जे दान देतात ते गेलेल्या माणसाला पोचतं, असं आमच्याकडे मानतात. म्हणून त्यानं वापरलेल्या वस्तू द्यायच्या. काकूला मूलबाळ नव्हतं. तिनं त्या बारा दिवसांत मागितलेली ही एकच गोष्ट.

भावजी म्हणजे माझे वडील, अण्णांचे धाकटे भाऊ, शाळामास्तर. ते दारातून ऐकत होते. त्यांनी मला गोठ्याकडे नेलं. "सोन्याचं घड्याळ भटाला द्यायचं? शुद्धीवर नाहीये ती," ते म्हणाले. "तू नीट करून आण आणि माझ्याकडे दे. घरातली वस्तू घरात राहील. तिला सांगू, दिलं म्हणून." त्यांनी हे हळू आवाजात, व्याकरणशुद्ध, वर्गात प्रमेय सांगावं तसं सांगितलं. त्यांच्या कपाळावर सकाळचं भस्म तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ म्हात्र्यांकडे नेलं. म्हात्रे पेणमधले जुने घड्याळवाले. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. डोळ्याला भिंग अडकवलेलं असताना समोरच्याशी बोलायची त्यांना सवय होती, त्यामुळे त्यांचा एक डोळा नेहमी आपल्यापेक्षा फार मोठा दिसे. त्यांनी पट्टा काढला. चामड्याच्या आतल्या बाजूला पांढरी बुरशी होती. मागचं झाकण उघडायच्या आधी त्यांनी टाचणीनं फटी कोरायला सुरुवात केली. फटींतून मळ निघू लागला. काळपट हिरवा, मेणासारखा, टाचणीला चिकटून लांब येणारा. घाम, साबण, कातडी, तेल, आणि तीस वर्षं. ते तो एका वर्तमानपत्राच्या कपट्यावर पुसत गेले. बोटाच्या पेराएवढा ढीग झाला. त्याला वास होता. कानामागं बोट फिरवून हुंगलं की येतो तसा.

म्हात्र्यांनी कपटा माझ्यापुढे सरकवला. "घ्या. अर्धे काका हितंच हायेत तुमचे," असं म्हणून ते हसले. मग माझ्या डोक्याकडे त्यांचं लक्ष गेलं. केस नुकतेच उतरवलेले होते. त्यांचं हसू थांबलं. "गेले काय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी कपट्याची घडी केली, हातात धरली, कुठं ठेवावी ते त्यांना सुचेना. शेवटी उठून त्यांनी ती गटारात टाकली. गटारातून समोरच्या हॉटेलातला चहाचा चोथा वाहत होता. आदल्या दिवशी अस्थी सोडताना आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून मंत्र म्हटले होते.

हल्ली जुनी घड्याळं नवी करण्याचं वेड आलं आहे. आमच्या सोसायटीतला एक तरुण इंजिनीअर मला फोनवर त्या कामाच्या चित्रफिती दाखवतो. कुठल्या तरी देशातले दोन स्वच्छ हात, मंद संगीत, आणि लाकडी काडीनं अगदी जवळून कोरून काढला जाणारा मळ. "बघा काका, किती समाधान वाटतं," तो म्हणतो. लाखो लोक ते बघतात म्हणे. त्या मळाला नाव-गाव नसतं, त्यामुळे बघवत असेल.

म्हात्र्यांनी झाकण उघडलं, सुटे भाग पेट्रोलच्या वाटीत टाकले. तेलाचा डिंक झाला होता, एवढाच दोष निघाला. कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, शाबूत होती. बिघाड तासाभराच्या कामाचा होता. मग त्यांनी झाकणाच्या आतली बारीक अक्षरं भिंगातून वाचली आणि कड नखानं खरवडली. "हे सोन्याचं कुणी सांगितलं तुम्हाला? सोन्याचं पाणी दिलेलं हाय वरून. आत पितळ. पाणी उडालं, पितळ उघडं पडलं."

"परत पाणी देता येईल?"

"मुंबईला देतात. आधी घासावं लागंल, मग चढवायचं. पंधरा-वीस दिवस धरा. पण कशाला? चालायला काय धाड झाली नाय त्याला. पाच दिवसांनी या, वेळ बघून ठेवतो, लावून घेऊन जा."

मी ही माहिती त्याच संध्याकाळी गावी जाऊन वडिलांना दिली. माहिती मिळाली की पोचवायची, ही माझ्या धंद्याची सवय. "पितळ? नक्की?" त्यांनी दोनदा विचारलं. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मग देऊन टाकू या," ते म्हणाले. "वहिनीची इच्छा आहे. गेलेल्या माणसाची वस्तू आहे, आपण कोण ठेवणार?"

मी पुढं बरीच वर्षं माणसांच्या मुलाखती घेतल्या. भूमिका बदलणारी पुष्कळ माणसं पाहिली. इतक्या थोड्या वेळात आणि इतक्या भाविक चेहऱ्यानं बदलणारं दुसरं कुणी पाहिलं नाही.

दोन पावलं जाऊन ते परत आले. "पण असं उघडं नको. बाराव्याला सगळी भावकी येणार. वहिनीच्या माहेरचे येणार. तीस वर्षं सोन्याचं म्हणून मिरवलं आणि आता पितळ द्यायचं? लोक शेण घालतील तोंडात. तेवढी चमक आणून घे कशीतरी."

"मुंबईला पंधरा दिवस लागतात."

"मग दुसरं काहीतरी बघ. तू पेणला राहतोस."

तू पेणला राहतोस, याचा अर्थ पुढं त्यांनी सांगितला नाही. जोहे मला सुचलं. ते कुणी सुचवलं नव्हतं, ही नोंद इथं करायला हवी, कारण नंतर ती कुठेच झाली नाही.

नवव्या दिवशी मी म्हात्र्यांकडून घड्याळ घेतलं. ते चालत होतं. स्वच्छ, फिकट, जागोजागी पितळ दिसणारं, आणि कानाला लावलं तर मुंगीच्या पावलांसारखं टकटकणारं. काकूनं मागितलं होतं ते सगळं त्यात होतं. ते खिशात घालून मी जोह्याची गाडी पकडली.

जोह्याला मंदाताई म्हणून एक बाई मुकुट आणि दागिने रंगवायच्या. त्यांच्यावर मी एकदा बातमी केली होती. पन्नाशीच्या, पायानं अधू, पाटावर बसून काम करायच्या. नखांच्या मुळांशी कायमचं सोनं. मी घड्याळ पुढं केलं आणि काय हवं ते सांगितलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं.

"दादा, हा रंग मातीवर बसतो. धातूवर नाय बसायचा. आन् आषाढात तर मातीवरला पन चार-चार दिस ओला ऱ्हातो."

"वरवर चालेल."

"मूर्तीचा रंग अकरा दिस टिकला का आमचं काम झालं. तुमचा किती टिकायला हवा?"

"एक दिवस."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोक्याकडेही पाहिलं. "मंग लावते," त्या म्हणाल्या.

काचेवर त्यांनी कागद चिकटवला. वॉर्निशमध्ये सोनेरी पावडर कालवली, बारीक कुंचल्यानं दोन हात दिले, आणि शेवटी चमक यावी म्हणून वरून कोरडी पावडर फुंकली. घड्याळ एकदम श्रीमंत दिसायला लागलं. मुकुटांच्या रांगेत त्यांनी ते एका खिळ्याला टांगून ठेवलं. "परवा न्या. पन हात नका लावू जास्ती. चावीला तर नकाच," असं त्यांनी बजावलं.

आता जोह्याला पिस्तुलासारख्या यंत्रानं रंग उडवतात. एका श्वासात अख्खा मुकुट होतो. मंदाताई असतील-नसतील, मी चौकशी केलेली नाही.

अकराव्या दिवशी घड्याळ आणलं. दोन दिवसांत ते थांबलं होतं, चावी संपली होती. गावी जाताना वाटेत गडबजवळ गाडी बराच वेळ खोळंबली, तेव्हा मी कागद सोडवला आणि चावी दिली. ती फिरवताना बोटांना चिकट लागली. घड्याळ सुरू झालं. मी समाधानानं ते परत कागदात ठेवलं. ओला रंग चावीच्या भोकातून आत खेचला गेला तो तेव्हाच. हे एक वर्षानं कळलं.

बाराव्याला अंगणात मांडव होता. वर ताडपत्री, तिच्यात पाणी साचून पोट आलेलं. आत चुलीचा धूर, ओल्या छत्र्या, माणसांची दाटी. ओसरीवर गादी, उशी, छत्री, चपला, तांब्या, धोतरजोडी, विजेरी मांडली होती. मधोमध केळीच्या पानाच्या तुकड्यावर घड्याळ. त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष जात होतं. काकूच्या माहेरचे एक म्हातारे शेजारच्याला सांगत होते, "तीस वर्सं झाली, पन सोनं ता सोनं." वडिलांनी ते ऐकलं आणि धोतराचा सोगा सारखा केला.

दान वडिलांच्या हातून होणार होतं. घड्याळाला मात्र काकूनं स्वतः हात लावायचा हट्ट धरला. गुरुजी म्हणाले, "धरा तुम्ही, उदक यजमान सोडतील." तिनं घड्याळ ओंजळीत घेतलं. वडिलांनी पळीनं पाणी सोडलं. पाणी घड्याळावरून तिच्या बोटांतून खाली ताम्हनात आलं, ते सोनेरी होऊन. त्याच्यावर तेलासारखी साय तरंगली. काकूनं बोटं चोळून पाहिली. सोनं तिच्या तळव्याच्या रेषांत भरलं होतं. थिनरचा वास ओसरीभर पसरला. चुलीवर त्याच वेळी भात उकळत होता. ते दोन वास तेव्हापासून माझ्या डोक्यात एकत्र आहेत.

गुरुजींनी दान घ्यायला हात पुढं केला, घड्याळाकडे पाहिलं, हात मागं घेतला, आणि केळीचं पान उचलून ते पुढं धरलं. चिकट वस्तू पानावर घ्यावी म्हणून.

"हातात घ्यायला किळस आली ना गुरुजी?" काकू शांतपणे म्हणाली. "मंग त्यांनी मनगटावर कसं घ्यायचं?"

"भावना महत्त्वाची असते. भावना पोचते," गुरुजी म्हणाले.

"मंग गादी परत घेऊन जा आत. तिची पन भावनाच पोचवा."

मागं कुणीतरी हसू दाबलं. काकूनं घड्याळ कानाला लावलं. गालाला सोनेरी डाग पडला. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "बंद हाय."

वडील पुढं झाले. "वहिनी, ती जोह्याची रंगवणारी बाई फसवी निघाली. सोन्याचं पाणी देते म्हणाली होती. त्यात घड्याळ मुळात पितळेचं, हे आम्हालाच परवा कळलं. तुमच्या वडिलांची फसवणूक झाली असणार. लोकांत शोभा नको म्हणून..."

"पितळ हाय हे मला लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसातच कळलं," काकू म्हणाली. "त्यांच्या मनगटाला हिरवा डाग पडायचा. रोज राखेनं कोण घासत होतं तो? सोन्याचं, सोन्याचं तुम्ही लोक म्हणत होता. आमी दोघं हसायचो." तिनं भावकीकडे पाहिलं. "मी चालू करून आणा म्हटलं होतं. चमकवून आणा म्हटलं काय?"

मी खांबाला टेकून उभा होतो. फसवी बाई, हे शब्द मी ऐकले. ते चूक आहेत हे सांगू शकणारा तिथं एकच माणूस होता. तो वार्ताहर होता, वाक्यं जुळवणं हाच त्याचा धंदा होता. त्याला वाक्य जुळलं नाही.

"आज नाय देत," काकू म्हणाली. गुरुजी काही समजावू लागले, तशी तिनं घड्याळ पदरात बांधलं आणि आत गेली. मोरीत बसून तिनं रॉकेलचा बोळा घेतला आणि रंग उतरवायला सुरुवात केली. पंगत मांडून तयार होती. पानावर भात वाढून झाला होता. विधवा आत बसलेली असताना पहिला घास कुणी घ्यायचा हे ठरेना. मोरीतून घासण्याचा आवाज येत होता. भातावर माशा बसत होत्या, माणसं पंच्यानं त्या हाकलत होती आणि आत बघत होती. भात गार झाल्यावर सगळे जेवले. चांगले जेवले. वडिलांनी वालाची आमटी दोनदा घेतली. मी पान टाकून उठलो, आणि ते दुःखानं, असं लोकांना वाटलं.

पुढचं वर्ष काकूनं आम्हाला सोडलं नाही. ती भांडली नाही, रडलीही नाही. गौरीला वडील आरतीची घाई करू लागले, तेव्हा म्हणाली, "भावजी, तुमचं घड्याळ चालतंय. बरं हाय." दिवाळीत पहाटे अंगणात शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "किती वाजले गो? मला सांगतेस तशी त्यांना कोन सांगत असंल?" वालाच्या झोडणीला खळ्यावर सगळे दुपारच्या भाकरीला बसले, तेव्हा तिनं एक भाकर बाजूला ठेवली. "त्यांना उशीर होईल," म्हणाली. "वेळ कळत नाय त्यांना." गावातल्या बाया आधी हसायच्या. मग हसेनाशा झाल्या. वडील म्हणायचे, डोक्यावर परिणाम झाला आहे. त्यांनी जोह्याच्या फसव्या बाईची गोष्ट इतक्या वेळा सांगितली, की ती गोष्ट गावात खरी होऊन बसली. मी प्रत्येक वेळी ऐकली. पेणमध्ये जोह्याची गाडी दिसली की मी नजर फिरवू लागलो.

किळस आधी मळाची होती. मग वडिलांची झाली. ती माझ्यापर्यंत यायला किती महिने लागले ते मी मोजलेले नाहीत, पण आली तेव्हा तिचा वास थिनरचाच होता.

वर्षश्राद्धाच्या आधीच्या आठवड्यात म्हात्रे मला बाजारात भेटले. "तुमच्या काकू येऊन गेल्या," त्यांनी सांगितलं. "पयल्या गाडीनं आल्या रोह्याहून. सकाळपासून स्टुलावर बसून होत्या. चहा नको, पानी नको. चावीच्या आत रंग वाळून दगड झाला होता, सुईनं कोरून काढला सगळा. नेईपर्यंत नजर हालली नाय बाईची. म्हटलं, वहिनी, आता पाणी देऊन घेऊ मुंबईहून, येळ हाय तुमच्याकडं. तर म्हणाल्या, त्यांनी उडवलंय ते मी कशाला परत चढवू?"

मग म्हात्रे म्हणाले, "मला जोह्याची गाडी कुठं लागते ते इचारत होत्या."

वर्षश्राद्धाला माणसं मोजकी होती. पाऊस तसाच, ताडपत्री तशीच. पानावर घड्याळ होतं, पितळी, डागाळलेलं, कडेला थोडं पिवळं. काकूनं संकल्पाआधी ते उचललं आणि गुरुजींना थांबायला सांगितलं. मग ती एकेकापुढं गेली. "ऐका," म्हणायची आणि घड्याळ हातात द्यायची. माहेरच्या म्हाताऱ्यांनी ऐकलं. वडिलांनी ऐकलं, आणि पोळल्यासारखं लगेच परत केलं. ती शेवटी माझ्यापाशी आली.

"जोह्याला जाऊन आले," ती म्हणाली. "चांगली बाई हाय."

एवढंच. वडील ताम्हनात बघत होते. तिनं घड्याळ माझ्या हातावर ठेवलं. ते तिच्या हातानं कोमट झालं होतं. मी कानाला लावलं.

"चालतंय?"

"चालतंय."

"मोठ्यानं सांग. त्यांना ऐकू गेलं पायजे. त्यांनी तुझ्याकडं दिलं होतं."

मी सांगितलं. तिनं परत सांगायला लावलं.